बरा, छान आणि उत्कृष्ट

यंदा मोहर उशिरा आला. पौष सरत आला तरी आंब्याची कलमं नुसती हिरवीगार, आपल्याला कसली घाई नाही अशा थाटात उभी होती. गावात माणसं भेटली की तब्येत विचारायच्या आधी “इलो काय रे?” असं विचारायची, आणि कोण इलो हे कुणाला सांगावं लागत नसे. मग एका सकाळी मी वर्गाच्या मागच्या खिडक्या उघडल्या आणि तो वास आत आला. गोडसर, किंचित आंबूस, मध्येच फवारणीच्या औषधाचा उग्रपणा, आणि वारा फिरला की खाडीकडे सुकत घातलेल्या मासळीचा. बाहेरच्या माणसाला हे मिश्रण कसं वाटत असेल कोण जाणे. आम्हाला त्यातला कुठलाही वास वगळावा असं कधी वाटलेलं नाही.

मी इथल्या ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवते. माहेर मसुऱ्याच्या अलीकडे, सासर खाडीच्या या बाजूला. म्हणजे लग्न करून मी खाडी ओलांडली एवढंच. मोहराच्या दिवसांत शिकवणं तसं कठीणच. निम्मे मुलगे उशिरा येतात, “फवारणीच्या पंपावर होतंय, मॅडम” म्हणतात, आणि हाताला औषधाचा वास येत असल्यामुळे त्यांच्यावर अविश्वास दाखवता येत नाही. मोहरावरच्या तुडतुडे किडीमुळे झाडांखाली मधासारखा चिकटा पडतो. तो चपलांना लागून वर्गापर्यंत येतो, आणि मुली फरशीवरून चालल्या की चट्‌ चट्‌ आवाज होतो. पण हवा थंड असते, मुलं जागी असतात, त्यांना बोलावंसं वाटत असतं. मला हे दिवस आवडतात. आणि हा वास आला की मला अश्विनी आठवते.

अश्विनी आमच्याकडे अकरावीत आली ती वर्ष निम्मं उलटल्यावर. माण तालुक्यातली, दुष्काळी मुलखातली. वडील एसटीत ड्रायव्हर. आयुष्यभर वेगवेगळ्या डेपोंत नोकरी केली, घरी यायचे ते सणासुदीला. मालवणात बदली झाली तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच ठरवलं की लेकीला बरोबर न्यायचं. आई गावीच राहिली, सासूला आणि जनावरांना सांभाळत. बापलेक इथे एक खोली घेऊन राहत होते. लेकीला हे फारसं मान्य नव्हतं. तिनं आल्या आल्याच सांगून ठेवलं होतं की इथे जमलं नाही तर दाखला काढायचा आणि बारावी मामाकडे करायची. वडिलांनी ‘बघू’ म्हटलं होतं. हे सगळं मला प्रवेशाच्या दिवशीच कळलं, कारण मी विचारलं. विचारल्याशिवाय मला राहवत नाही.

खरं तर आमच्याकडे कुणालाच राहवत नाही. मालवणच्या रस्त्यावर अनोळखी माणूस दिसला की पहिला प्रश्न ‘खंयचे तुमी?’, दुसरा ‘कोणाकडे इलात?’, आणि तिसऱ्या प्रश्नापर्यंत त्याची मावशी कुणाला दिलेली आहे ते निघतं. चेष्टा म्हणून नव्हे, पण आमच्या एका शिपायाने नव्या कलेक्टरांनाही ‘तुमचा मूळ गाव खंय?’ असं विचारलेलं मी ऐकलं आहे. अशा मुलखात एक मुलगी तीन महिने वर्गात बसली आणि तिला वर्गातल्या कुणी काही विचारलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं. घाट उतरून आलेल्या माणसाला आम्ही ‘घाटावरची’ म्हणतो. त्यात तसं काही वाईट नसतं, असं आमचं मत आहे. ज्यांना म्हणतात त्यांचं मत आम्ही घेतलेलं नाही.

त्या वर्षी सुट्टीत आम्हा शिक्षकांचं एक प्रशिक्षण झालं होतं. त्यात सांगितलं की शिक्षकानेच शेरे मारायचे दिवस गेले. आता मुलांनी मुलांच्या सादरीकरणावर मत द्यायचं. याचं नाव ‘सहाध्यायी प्रतिसाद’. मी हे नाव फळ्यावर लिहिलं तेव्हा दिगंबरने हात वर केला. दिगंबर म्हणजे आमचा दिगू, बापाची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, स्वतः पहाटे त्याची दोरी ओढून येणारा आणि तरी वर्गात कधी न झोपणारा. “मॅडम, सह्याद्री प्रतिसाद म्हणजे काय?” तेव्हापासून आमच्या कॉलेजात त्या प्रकाराला ‘सह्याद्री’ म्हणतात. प्राचार्यसुद्धा विचारतात, “काय मॅडम, सह्याद्री झाला?”

सादरीकरणासाठी मी एक नाटक घेतलं होतं. छापील नव्हे. आमच्याच कॉलेजातल्या, कधीच्या निवृत्त झालेल्या एका सरांनी स्नेहसंमेलनासाठी लिहिलेलं, झेरॉक्सवर झेरॉक्स होत फिकट झालेलं. नाव ‘सामाईक विहीर’. दोन भाऊ, वाटणीत घराच्या मधोमध भिंत घातलेली, पण विहीर एकच, कारण विहिरीत भिंत घालता येत नाही. पाणी काढायच्या वेळांवरून भांडण, घागर आपटली म्हणून भांडण, शेवाळ कुणी काढायचं म्हणून भांडण. शेवटी एके सकाळी धाकटी जाऊ एक शब्द न बोलता थोरलीची घागर भरून ठेवते आणि पडदा पडतो. साधंच नाटक. पण आमच्याकडे ज्या घरात असं भांडण नाही ते घर दाखवा, त्यामुळे मुलांना आवडलं. कुणी कथानकावर बोललं, कुणी पात्रांवर, कुणी संवादांवर. दोन मैत्रिणींनी थोरलीच्या पातळाचा रंग कोणता असावा यावर इतका वेळ घेतला की मला घंटा वाजवायची खूण करावी लागली.

प्रत्येक सादरीकरणानंतर सगळ्यांनी चिठ्ठी लिहायची. चिठ्ठीत दोन चौकटी. ‘काय आवडलं?’ आणि ‘काय सुधारता येईल?’ त्या चिठ्ठ्या मी घरी नेऊन वाचायची, आणि हसून हसून डोळ्यांत पाणी यायचं. दिगूच्या मित्राला त्याच्या वाडीतल्या सगळ्यांनी ‘उत्कृष्ट सादरीकरण’ लिहिलं होतं, आणि पलीकडच्या वाडीतल्या सगळ्यांनी ‘आवाज पोचत नाही’. त्याचा आवाज शेजारच्या गावापर्यंत पोचतो. पण गेल्या शिमग्यात दोन्ही वाड्यांचं काहीतरी बिनसलं होतं आणि ते अजून मिटायचं होतं. सुधारणेच्या चौकटीत एकाने लिहिलं होतं, ‘केस विंचरून यावे.’ एकाने लिहिलं, ‘वर्गाचा पंखा.’ नफिसा, बंदरावरच्या कुटुंबातली, वर्गातली सगळ्यात शांत मुलगी, तिने प्रत्येकाला ‘छान’ लिहिलं होतं, प्रत्येकाला तितकंच सुवाच्य. छान, उत्कृष्ट, अप्रतिम, मनाला भिडणारे: मुलांनी वर्तमानपत्रातून आणि निबंधाच्या पुस्तकातून उचललेले सगळे शब्द तिथे हजर होते. घरची भाषा वर्गात आणायची नाही हे आमच्याकडे कुणी कुणाला शिकवत नाही. पहिलीतलं पोरसुद्धा उंबरा ओलांडताना ती चपलांबरोबर बाहेर काढून ठेवतं.

अश्विनीची पाळी शेवटी आली. तिने कागद आणला नव्हता. फळ्याला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, “मला हे नाटक वाचून नवल वाटलं. आमच्याकडं दिवाळीनंतर विहिरीवरनं कुणी भांडत नाही. विहिरीत भांडण्याएवढं पाणी नसतं. आम्ही टँकरवरनं भांडतो.” एक-दोघं हसले. ती थांबली नाही. “ह्या नाटकातली माणसं एकमेकांवर रुसतात, घागरी आपटतात, तुझी वेळ माझी वेळ करतात. पण नाटकात एकदा पण कुणी विहिरीत वाकून बघत नाही, पाणी आहे का म्हणून. त्यांना माहितीच आहे, की आहे. मला वाटतं ती सुखी माणसं आहेत, आणि त्यांना ते कुणी सांगितलेलं नाही. लेखकानं पण नाही.” एवढं बोलून ती जागेवर जाऊन बसली.

वर्ग गप्प झाला. आमचा वर्ग गप्प होत नाही. श्रद्धांजलीच्या दोन मिनिटांतसुद्धा मागच्या बाकावर काहीतरी चाललेलं असतं. मी ते नाटक कितीदा शिकवलं असेल. विहिरीत कुणी वाकून बघत नाही हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. घरी गेल्यावर मी परसातल्या आमच्या विहिरीपाशी जाऊन उगाचच आत बघितलं. पाणी होतं. असणारच होतं.

तिच्या चिठ्ठ्या मी त्याच संध्याकाळी वाचल्या, आणि मला फार आनंद झाला. ‘खूप बरा बोलली.’ ‘बरा होता.’ ‘विषय बरा मांडला.’ ‘बरा वाटला ऐकून.’ दिगूने नुसतं ‘बरा’ लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. नफिसानेसुद्धा, जिने अख्ख्या जगाला ‘छान’ वाटून टाकला होता, तिने इथे ‘बरे’ लिहिलं होतं. पाठ केलेलं काही नाही, वाडी बघून काही नाही. दुसऱ्या दिवशी मी ती जुडी अश्विनीच्या हातात दिली आणि म्हटलं, “वाच, वर्गाला किती आवडलंय ते.” तिने वाचल्या. एकेक करून, सगळ्या. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “हो मॅडम,” आणि त्यानंतर वर्गात तोंड उघडलं नाही.

आठवडा असा गेला. मी प्रश्न विचारला तर ती उभी राहायची आणि ‘माहीत नाही’ म्हणायची, माहीत असलेलंसुद्धा. डबा एकटीच खायची, पायरीवर बसून, समोरच्या कलमाकडे बघत. मला काही केल्या कळेना. घरी काही झालं का, कुणी काही बोललं का, मुलांनी चिडवलं का; मी सगळीकडे चौकशी केली. माझ्या चौकशीला आमच्याकडे कुणी ना म्हणत नाही, पण सांगण्यासारखं कुणाकडे काही नव्हतंच. दिगूला विचारलं तर तो म्हणाला, “आमी तिका कित्याक चिडवतलंव? त्या दिसाक तर तां सगळ्यांत बरां बोलला.”

मग तिचे वडील आले. खाकी गणवेशातच, गाडी डेपोत लावून. उंच, खांद्यातून थोडे वाकलेले, खुर्चीवर बस म्हटलं तरी उभेच. “म्याडम, पोरगी म्हनती दाखला काढा. मामाकडं जाती म्हनती.”

मी म्हटलं, “अहो, पण का? वर्गाला ती इतकी आवडते.”

ते म्हणाले, “कागद दावलं तिनं मला. समद्यांला उत्कृष्ट, छान, आन् हिला तेवढं बरं. समद्या पोरांनी मिळून.” मग समजुतीच्या सुरात म्हणाले, “असूं द्या. नवी हाय, जमलं नसंल. पन ती लई हौसेनं बोलली हुती.”

मी म्हटलं, “बरं लिहिलंय, म्हणजे चांगलंच की.” ते कसनुसं हसले. मी त्यांची समजूत काढते आहे असं त्यांना वाटलं, आणि ते माझी चेष्टा का करताहेत असं मला. एकाच भाषेत बोलणारी दोन मोठी माणसं, टेबलाच्या दोन बाजूंना, आणि कुणाचंच कुणाला कळत नव्हतं. मी त्यांना म्हटलं, उद्या या. एक दिवस मला द्या. ते ‘बरं’ म्हणाले. आता आठवलं की हसू येतं. त्यांचं ते ‘बरं’ मला नीट कळलं होतं.

या शब्दावर मी तेव्हापासून पुष्कळ विचार केला आहे. शिकवायचं बाजूला ठेवून खिडकीतून मोहर बघत बसावं असे दिवस असतात, तेव्हा तर हमखास. आमच्याकडे मासळी बरी मिळते, लग्न बरां होतं, जावई बरो मिळतो. आजाऱ्याला बरां वाटतं. देवळात गाऱ्हाणं घालताना देवाकडे अख्ख्या गावाचं मागणं मागायचं असतं, तेव्हाही ‘बरां कर रे म्हाराजा’ म्हणतात. यापलीकडे मागण्यासारखं काही आहे असं आमच्या पूर्वजांना वाटलेलं दिसत नाही. ‘उत्कृष्ट कर रे म्हाराजा’ असं कुणी म्हटलं तर देवालाही जरा अवघडल्यासारखं होईल. आणि हाच शब्द घाट चढून गेला की त्याचा उतार होतो. तिकडे बरा म्हणजे ठीक, चालण्यासारखा, फार अपेक्षा नको. कोल्हापुरात बी.एड. करताना माझ्या खोलीतल्या मैत्रिणीने साखरपुड्याची साडी दाखवली होती. मी मनापासून म्हटलं होतं, “बरी आहे गं.” ती दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. हे आठवलं, पण आठवलं सगळं निस्तरल्यावर. माणसाला दुसऱ्याचे हेल लगेच ऐकू येतात, स्वतःचे ऐकू यायला कुणीतरी दुखावावं लागतं.

तर दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले आणि सरळच विचारलं. आडून विचारणं मला जमत नाही. “अश्विनी, तुला चिठ्ठ्यांत काय खटकलं?”

ती उभी राहिली. बाकाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, “काही नाही. सगळ्यांनी मला बरं म्हटलंय. चांगलं कुणीच नाही म्हटलं.”

दिगूला राहवलं नाही. “गो, बरां म्हटलां मां? आजून काय व्हया तुका?”

“बरंच ना? म्हणजे ठीक. चालण्यासारखं.”

“चालण्यासारख्या कोणी म्हटला? बरां म्हणजे बरां.”

“मग बाकीच्यांना उत्कृष्ट का लिहिलंस?”

दिगू गोंधळला. असा प्रश्न त्याला कुणी कधी विचारला नव्हता. डोकं खाजवत म्हणाला, “तां काय, लिवूचा म्हणान लिवलेला. मॅडम वाचतले म्हणान. तुझा ऐकताना माका काय ता लिवूचा सुचलाच नाय. ‘बरा’ लिवन् गेलंय.”

मागून कुणीतरी “माझापण तसाच झाला” म्हणालं. नफिसाने मान हलवली. आणि मग हळूहळू, पाण्यात दगड टाकल्यावर तळ ढवळून वर येतो तसं वर्गाच्या लक्षात यायला लागलं की काय झालं आहे. पहिल्यांदा हशा झाला, मग एकदम थांबला. पुस्तकातले सगळे शब्द त्यांनी एकमेकांना वाटून टाकले होते, न तपासता. हिच्या बोलण्याने मात्र त्यांचं भान सुटलं, आणि उंबऱ्याबाहेर काढून ठेवलेली भाषा नकळत आत आली. फक्त ती आली शुद्धलेखनाचे कपडे घालून, त्यामुळे अश्विनीने तिला आपल्या मुलखातल्या अर्थाने ओळखलं. मी हे वर्गाला समजावून सांगितलं. समजावण्याची गरज नव्हती, पण शिक्षक असल्यावर समजावल्याशिवाय तास संपत नाही.

मला वाटलं, झालं. गैरसमज होता, मिटला. अश्विनी आता हसेल, दिगू काहीतरी वात्रटपणा करेल, आणि आपण पुढच्या धड्याकडे वळू. अश्विनी हसलीसुद्धा. पण बसली नाही.

“मॅडम, एक बोलू?”

“बोल की.”

“बरं म्हणजे चांगलं, हे कळलं मला. पण मग मला कुणी काही विचारलं का नाही?”

दिगू म्हणाला, “चौकट नव्हती.” आणि तो विनोद नव्हता. चिठ्ठीत खरंच तशी जागा नव्हती. आवडलं काय आणि सुधारता काय येईल. दोन्हींत सांगायचंच होतं, विचारायचं कुठेच नव्हतं. ज्या गावात वाटेवरच्या माणसाला त्याच्या मावशीपर्यंत विचारतात, त्या गावातल्या मुलांना मी एक कागद देऊन गप्प बसवलं होतं. मी म्हटलं, “चौकट राहू दे. आज विचारा. विहिरीवर काय विचारायचं ते विचारा.”

मग जे सुरू झालं ते मला शब्दशः आठवतं असं मी म्हणणार नाही, पण तो आवाज आठवतो. बाहेर कुणाच्यातरी बागेत फवारणीचा पंप चालू होता, आणि त्याच्या घरघरीवरून मुलं ओरडून विचारत होती. गावात विहिरी किती? कातळ फोडावा लागतो की माती असते? पाणी आटलं की मासे कुठे जातात? (हे बंदरावरच्यांना सुचणारच.) “पाणी आटला की तुमी काय करतास?”

“तळाला झरा असतो,” अश्विनी म्हणाली. “बारीक. थोडं थोडं पाणी साठतं. आत उतरून वाटीनं भरायचं.”

“कोण उतारता?”

“लहान मुलं. मोठं माणूस उतरलं तर पाय ठेवायला जागा राहत नाही, पाणी गढूळ होतं. मी उतरायचे.”

दिगूने अगदी हळू विचारलं, “तुका भिया नाय वाटला?”

“वाटायचं ना. आतनं आभाळ ताटाएवढं दिसतं.”

मी दाराकडे बघितलं तेव्हा मला व्हरांड्यात तिचे वडील दिसले. मीच त्यांना आज बोलावलं होतं आणि मीच विसरले होते. ते खिडकीपासून एक पाऊल मागे उभे होते, टोपी काखेत धरून, मधे येऊ की नको अशा बेताने. अश्विनीची त्यांच्याकडे पाठ होती. मी त्यांना आत या म्हणणार होते, इतक्यात नफिसाने हात वर केला. तिने वर्षभरात हात वर केलेला मला आठवत नाही.

“तू आत असताना वर कोण असायचं?”

“आज्जी,” अश्विनी म्हणाली. “तिला नीट दिसत नाही. मला दोरानं सोडायची शेजारची काकी, पण तिला तिची कामं असायची, ती जायची. मग आज्जी काठावर बसून ओव्या म्हणायची. म्हणजे मला कळावं, की वर कुणीतरी आहे. मधेच तिचा आवाज थांबला की मी हाक मारायचे. ती म्हणायची, अगं, तपकीर ओढतीय.”

कुणीतरी हसलं. नफिसा हसली नाही. “आणि आई?”

“आई रोजगारावर. रस्त्याच्या कामाला.”

“बाबा?”

“पप्पा ड्युटीवर. लांब असायचे. त्यांना सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं. त्यांना घाटातनं गाडी चालवायची असते. डोक्यात असलं काही नको.”

मी पुन्हा व्हरांड्याकडे बघितलं. त्यांनी एक हात खिडकीच्या गजावर ठेवला होता. बाकी काही नाही, नुसता ठेवला होता. नफिसाची बसायची जागा खिडकीसमोर. तिनेही तेव्हाच त्यांना पाहिलं असावं, कारण ती एकदम खाली बसली. अश्विनीने तिच्या नजरेमागून मागे वळून बघितलं.

बाहेरचा पंप नेमका तेव्हाच बंद झाला. वर्गातल्या सगळ्यांना बापलेकीत काय चाललं आहे ते कळत होतं आणि कुठे बघावं ते कळत नव्हतं. मी म्हटलं, “अश्विनी, जाऊन ये.” ती दारापर्यंत गेली आणि उंबऱ्यातच थांबली. ती आत, ते बाहेर.

“किती वर्सं उतरत हुतीस?” त्यांनी विचारलं.

“तिसरीपासनं. सातवीपर्यंत. मग बसेना मी आत.”

“आन् मला ठावं न्हाई.” हे त्यांनी तिला विचारलं नाही, स्वतःलाच सांगितलं. मग ते म्हणाले, “तवा मी लांब हुतो. आता जवळ हाय की, पोरी. आता का जातीस?”

अश्विनीचा दाराच्या चौकटीवरचा हात सुटला आणि तिने ओढणीने तोंड पुसलं, घाम पुसावा तसं, भराभरा. “नाही जात,” म्हणाली. ते इतकं हळू होतं की पहिल्या बाकालाही ऐकू गेलं नसेल. मला ऐकू आलं, कारण मी कान देऊनच उभी होते.

ती जागेवर जाऊन बसली. मी फळ्याकडे वळले. खडू शोधायचं निमित्त होतं. वडील अजून दारात होते. मला वाटलं दाखल्याचं काहीतरी म्हणतील, निदान आता तो नको म्हणून सांगतील. त्यांनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि वर्गाकडे बघत मला म्हणाले,

“म्याडम, पोरांना आनखी काय इचारायचं आसंल तिला, तर इचारू द्या. मी थांबतो.”